दुकानाची बदली होत नसते

आपल्या मंडळात सहसा बारवा, शिलालेख, कमानी आणि देवड्या यांच्यावर निबंध वाचले जातात. या वेळी मी एका दुकानदारावर लिहिलं आहे. ते राजे नव्हते की जहागीरदार नव्हते, त्यांच्या नावाचा रस्ताही या शहरात नाही. नाव मुद्दाम देत नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे. सुलतान बाजार, काचीगुडा, कुतबीगुडा भागातल्या जुन्या मंडळींना ते सांगायची गरजही पडणार नाही. सगळे त्यांना दादा म्हणत, मीही दादाच म्हणतो.

दादा गेले त्यानंतरच्या शोकसभेत एक छापील कार्ड वाटलं होतं. त्यावर तीन गोष्टी होत्या : कुटुंबवत्सल, यशस्वी व्यावसायिक, निष्ठावान समाजसेवक. खोटं त्यात काही नव्हतं. पण माझं आयुष्य पाणीपुरवठ्याच्या कामात गेलं. ते कार्ड वाचताना मला वाटलं, नकाशात टाक्या तीन दाखवल्यात, त्यांना जोडणारी पाइपलाइन कुठे आहे? पाणी तर एकच असणार.

ती पाइपलाइन सापडली माळ्यावर. दादांच्या मुलीचा, म्हणजे आमच्या ताईंचा फोन आला. "शनिवारी रद्दीवाला येतोय. बाबांच्या जुन्या वह्या आहेत. तुम्हाला अशा गोष्टींचा नाद आहे, बघून जा." लाल कापडी बांधणीच्या एकंदर ४३ खातेवह्या निघाल्या. काही वाळवीने खाल्लेल्या, बऱ्याचशा शाबूत. शनिवारी रद्दीवाला रिकाम्या हाताने गेला.

पहिल्या सात वह्या दादांच्या वडिलांच्या, मोडी लिपीतल्या. मोडी मी पन्नाशीनंतर शिकलो, त्यामुळे वाचायला वेळ लागला. आपल्या शहरातल्या जुन्या वह्या वाचणाऱ्याला आणखी दोन गोष्टी ठाऊक हव्यात. पहिली म्हणजे फसली सन. निजामाच्या राज्यात वर्ष आजुर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून धरत. फसली आकड्यात ५९१ मिळवले की साधारण इसवी सन येतो, आजुर ते दै-बहमनपर्यंतच्या महिन्यांना एक कमी. दुसरी म्हणजे नाणं. इथे निजामाचा हाली सिक्का चाले आणि इंग्रजी मुलखातला रुपया कलदार म्हणून ओळखला जाई. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा ढोबळ हिशेब. मुंबईहून माल मागवणारा दुकानदार कलदारात देई आणि खेड्यातल्या गिऱ्हाइकाकडून हालीत घेई. म्हणून या वह्यांत दोन रकाने आहेत. पोलीस ॲक्शननंतर काही वर्षांनी हालीचा रकाना बंद होतो, आणि १ एप्रिल १९५७ नंतर आणे-पै जाऊन नवे पैसे येतात. वहीवर तारीख नसली तरी ती कुठल्या काळातली हे रकान्यांवरून कळतं.

दुकान लोखंडी सामानाचं. खिळे, कड्या-कोयंडे, घमेली, नांगराचे फाळ आणि मोटेची चाकं. जागा सुलतान बाजाराच्या अलीकडे. हा भाग पूर्वी रेसिडेन्सी बाजार होता, तिथे अंमल ब्रिटिश रेसिडेंटचा. १९३३ मध्ये तो निजामाकडे परत आला तेव्हा त्याचं सुलतान बाजार झालं. सभा, वर्तमानपत्रं, संस्था यांना इथे जरा मोकळा श्वास मिळे, म्हणून मराठी माणसांचं सार्वजनिक जीवन याच पट्ट्यात जमलं. विवेकवर्धिनी शाळा १९०७ ची. तिच्या दुसऱ्याच वर्षी, २८ सप्टेंबर १९०८ ला, मुसीच्या पुराने निम्मं शहर धुऊन नेलं. मराठी ग्रंथसंग्रहालय १९२२ चं. १९३१ मध्ये मराठी साहित्य संमेलन हैदराबादेत भरलं, अध्यक्ष ज्ञानकोशकार केतकर. हे आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे. पण या संस्थांच्या खुर्च्या, पेट्रोमॅक्स, पाणी आणि भाडं कुठून येत होतं, ते असल्या वह्यांत दिसतं. दादांच्या वडिलांच्या प्रत्येक वहीत 'धर्मादाय' नावाचं एक पान आहे. विक्रीच्या रुपयामागे पैसा बाजूला पडे आणि त्यातून शाळा, उत्सव, कुणाचं अंत्यकर्म असा खर्च होई.

१३५७ फसलीच्या आबान महिन्यात, म्हणजे सप्टेंबर १९४८ मध्ये, वहीत सहा दिवस कोरे आहेत. १३ तारखेला भारतीय फौजा शिरल्या, १७ ला निजामाने शस्त्रसंधी जाहीर केला. कोऱ्या पानांनंतरची पहिली नोंद बारा कुलपांच्या विक्रीची आहे. इतिहासाच्या पुस्तकात मी त्या आठवड्याबद्दल पुष्कळ वाचलं होतं, पण ती बारा कुलपं मला जास्त सांगून गेली.

दादांचं अक्षर १९५१ पासून सुरू होतं, बाळबोध, सरळ रेघेत. तेव्हा ते विशीत होते. वडील अंथरुणाला खिळलेले. गिऱ्हाइकांची नावं बघा : लोहा, कंधार, गंगाखेड, मुदखेड, पूर्णा. काचीगुडा-मनमाड मीटरगेज लाइनवरून माल जाई, त्याच्या बिल्ट्यांचे नंबर समासात आहेत. दुकान हैदराबादेत, पण पोट मराठवाड्यावर. आणि सगळा व्यवहार उधारीचा. सुगी झाली की पैसे.

मग १ नोव्हेंबर १९५६ उजाडला. हैदराबाद राज्य मोडलं. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद हे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, कानडी जिल्हे म्हैसूरला, आणि शहर तेलंगणासह आंध्र प्रदेशात. आपण हा विषय नेहमी राजकारणाच्या अंगाने मांडतो. मराठी कारकून, मास्तर, तहसीलदार यांच्यापैकी पुष्कळांच्या नेमणुका मराठवाड्यात झाल्या आणि त्यांची बिऱ्हाडं हलली. पण दुकानदाराचं काय? दादा एकदा मला म्हणाले होते, "नोकरीची बदली होते रे, दुकानाची बदली होत नसते." तेव्हा मी हसलो होतो. वह्या वाचल्यावर हसू गेलं.

कारण नोव्हेंबर १९५६ मध्ये त्यांची तीन चतुर्थांश उधारी एका रात्रीत परराज्यात गेली. वसुलीचा दावा लावायचा तर कोर्ट दुसऱ्या राज्यातलं. १९५६ च्या कायद्याने केंद्रीय विक्रीकर आला आणि जुलै १९५७ पासून नांदेडला पाठवलेला फाळ हा आंतरराज्य व्यापार ठरला, त्याचे फॉर्म वेगळे, हिशेब वेगळा. गिऱ्हाईक हळूहळू औरंगाबाद-मुंबईकडे वळलं. १९५८ च्या दिवाळीत, पाडव्याला नवी वही उघडताना, मागची बाकी पुढे ओढलेली दिसते, आणि हाती शिल्लक म्हणून फक्त ६१ रुपये.

त्याच वहीच्या पान ९ वर एक नवं खातं उघडलेलं आहे. नाव : 'सौ.' एवढंच. जमा रुपये १,०१२. तपशिलात लिहिलंय : 'साडेनऊ तोळे मोडले'.

घरातल्या कुणालाही हे माहीत नव्हतं. काकूंचा पाटल्या-गोठ घातलेला फोटो लग्नातला आहे, नंतरच्या एकाही फोटोत त्या दिसत नाहीत. मी ताईंना विचारलं, हे लिहू का? त्या बराच वेळ गप्प राहिल्या. भावाने स्पष्ट सांगितलं, "नको, लोक काय म्हणतील, बायकोचे दागिने मोडून दुकान चालवलं?" दोन आठवड्यांनी ताईंचा फोन आला. "लिहा. कार्डावर आईचं नाव कुठेच नव्हतं. कुठेतरी असू दे."

त्या हजार रुपयांचं काय झालं तेही वहीत आहे. दादांनी लोखंडाचा माल कमी करून तेलाचे इंजिन आणि पंप ठेवायला सुरुवात केली. मोट जाऊन पंप येण्याचा तो काळ. पुढे खेड्यांत वीज पोचत गेली तसे विजेचे पंप. गिऱ्हाइकांची गावं बदलतात : भोनगीर, जनगाव, सिद्दिपेट, नलगोंडा. १९६१ च्या वहीत समासात दादांनी मराठी अक्षरांत तेलुगू शब्द लिहून ठेवलेत. नीळ्ळु, बावी, रैतु, अप्पु. पाणी, विहीर, शेतकरी, कर्ज. शेवटचा शब्द दोनदा अधोरेखित आहे! पुढे दुकान राणीगंजला हललं, पंपांच्या बाजारात. मी कॉलेजात असताना तिथे जाऊन बसायचो. दादा एका गिऱ्हाइकाशी तेलुगूत, दुसऱ्याशी दखनीत, माझ्याशी मराठीत बोलत. आणि तिन्ही भाषांत मधूनमधून "हौ, हौ" चालू.

आता समाजसेवा. तीस वर्षं दादांनी एका मराठी संस्थेचा जमाखर्च सांभाळला. दर रविवारी सकाळी. त्यांच्या स्वतःच्या वहीतलं 'धर्मादाय' पान सगळ्यात वाईट वर्षीही बंद नाही, १९५८ मध्येसुद्धा शाळेच्या नावे महिना पाच रुपये आहेत. म्हणजे काकूंच्या साडेनऊ तोळ्यांतला काही भाग थेट संस्थेत गेला. कार्डावरच्या तीन टाक्यांमधली पाइपलाइन ती ही.

आणि याच संस्थेत ते एकदा हरले, हेही सांगायला हवं. १९७८ च्या एका सभेत त्यांनी ठराव मांडला की सभागृह आठवड्यातले काही दिवस तेलुगू कार्यक्रमांना द्यावं. मराठी माणसं कमी होतायत, भाड्याने छप्पर तरी राहील. ठराव अकरा विरुद्ध चार मतांनी पडला. त्या अकरांत माझे वडील होते. घरी येऊन ते म्हणाले होते, "आज हॉल देतील, उद्या पाटी बदलतील." मी आठ वर्षांचा होतो, मला ते वाक्य बरोबर वाटलं, आणि पुढे पुष्कळ वर्षं बरोबरच वाटत राहिलं.

दादांनी त्या सभेत नोव्हेंबर १९२१ ची आठवण काढली होती, असं वडीलच सांगत. विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहात महर्षी कर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सामाजिक सुधारणा परिषद भरली होती. आलमपल्ली वेंकटरामराव नावाचे वकील तेलुगूत बोलायला उभे राहिले आणि श्रोत्यांनी हुर्यो करून त्यांना खाली बसवलं. त्याच रात्री काही तेलुगू मंडळी एकत्र आली आणि आंध्र जनसंघाची स्थापना झाली. तेलंगणातल्या पुढच्या सगळ्या चळवळीचं मूळ तिथे शोधलं जातं. आपण मराठी लोक विवेकवर्धिनीचा इतिहास सांगताना ही संध्याकाळ बहुधा वगळतो. शहरातल्या तेलुगू माणसाला ती चांगली ठाऊक असते. दादांचं म्हणणं एवढंच होतं की ज्या गावात आपण धंदा करतो, त्या गावाच्या भाषेला आपल्या छपराखाली जागा असावी. आज मला वाटतं, त्या सभेत दादा बरोबर होते आणि माझे वडील चुकले. वडील हयात असते तर हे त्यांच्यासमोर वाचायचं धैर्य झालं असतं की नाही, सांगता येत नाही.

दादांनी १९९४ च्या दिवाळीत दुकान बंद केलं. शेवटच्या वहीत एकेक खातं मिटवलेलं आहे, नोकरांची देणी आधी. 'सौ.' खात्याची बाकी छत्तीस वर्षं दर पाडव्याला पुढे ओढली होती, तीच रक्कम, १,०१२. काकू तीन वर्षांपूर्वीच गेल्या होत्या. रुपयांत फेडलं असतं तर एका तोळ्याचा चतुर्थांशही त्या वर्षी आला नसता. दादांनी ते रुपयांत फेडलंच नाही. नोंद अशी आहे : 'सौ. खाते. साडेनऊ तोळे, वजनाने. चि. कन्येस दिले. बाकी निरंक.'

ताईंनी हातातल्या बांगड्यांकडे बघत सांगितलं, "मला वाटलं होतं, मुलाच्या मुंजीसाठी बाबांनी हौसेनं केल्यात."

वह्या आता मंडळाच्या कपाटात आहेत. फसली-इसवीचा तक्ता करून वरच्या खणात ठेवला आहे. ज्यांना मोडी येतं त्यांनी पहिल्या सात वह्यांना हात लावावा, मला एकट्याला ते उरकणार नाही. आणि ज्यांच्या घरी माळ्यावर अशी लाल गाठोडी असतील, त्यांनी रद्दीवाल्याच्या आधी आपल्याला एक फोन करावा.