परसातील झाड ते बंद खोली : भांगेच्या घरगुती लागवडीचा व संकर-छंदाचा इतिहास

प्रस्तावना

कोणत्याही पिकाचा इतिहास हा सामान्यतः शेताचा आणि बाजारपेठेचा इतिहास असतो. भांगेच्या झाडाबाबत मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एक वेगळी घटना घडली. शतकानुशतके उघड्या रानात, नदीकाठी व परसात वाढलेले हे झाड अमेरिका आणि नेदरलँड्समधील घरांच्या बंद खोल्यांत शिरले. तेथे कोणतीही औपचारिक पदवी नसलेल्या अनेक हौशी लोकांनी त्याचे नवे संकरित वाण निर्माण केले. या छंदाचे वर्णन बहुधा बंडखोर तरुणाईचा उपक्रम म्हणून केले जाते. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन याहून निराळे आहे. हा छंद कायद्याच्या दडपणातून आकारास आला. त्याचे बीज आणि त्यामागील मूलभूत ज्ञान मात्र बंदी येण्यापूर्वीच आशिया व लॅटिन अमेरिकेतील शेतकऱ्यांनी सिद्ध केले होते. या ऋणाची नोंद कशी झाली, किंबहुना का झाली नाही, हा येथील मुख्य प्रश्न होय.

१८९४ : परसातील झाड आणि महसूल

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने भांग, गांजा व चरस ही एकाच झाडाची तीन रूपे होत. पाने म्हणजे भांग, मादी झाडाचे फुलोऱ्याचे तुरे म्हणजे गांजा आणि त्यांवरील राळ म्हणजे चरस. लिनियसने १७५३ मध्ये या वनस्पतीस कॅनाबिस सटायव्हा हे नाव दिले. पुढे १७८५ मध्ये लामार्कने भारतातून आलेल्या नमुन्यांच्या आधारे कॅनाबिस इंडिका ही निराळी जाती मानली. शास्त्रीय नामावलीत हिंदुस्थानचे नाव असे कायमचे कोरले गेले.

ब्रिटिश पार्लमेंटमध्ये मार्च १८९३ मध्ये उपस्थित झालेल्या प्रश्नातून ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ची स्थापना झाली. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखालील या आयोगाने ११९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदविले. मध्यम प्रमाणातील सेवनाचे दुष्परिणाम नगण्य आहेत, सबब संपूर्ण बंदी आवश्यक नाही, असा निष्कर्ष आयोगाने काढला. मात्र याच आयोगाने परवान्याखेरीज लागवड होऊ नये आणि ती मर्यादित क्षेत्रात केंद्रित करावी, अशीही शिफारस केली. बंगालमधील नौगाव, मध्य प्रांतातील खांडवा आणि मुंबई इलाख्यातील अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) ही त्या काळी गांजाच्या पिकाची ज्ञात क्षेत्रे होती. परवान्याखालील शेतावर कर आकारता येतो, सरकारी गोदामात मालाची मोजदाद करता येते. परसातील दोन झाडांबाबत यांपैकी काहीच शक्य नसते. तात्पर्य, घरगुती झाडावरील पहिला आक्षेप नैतिकतेपेक्षा महसुलाच्या अंगाने आला, ही बाब इतिहासकाराने लक्षात घेण्याजोगी आहे.

नौगावचा पोद्दार

भांगेत नर व मादी झाडे स्वतंत्र असतात आणि परागवहन वाऱ्यामार्फत होते. मादी फुलांचे फलन झाल्यास झाडाची शक्ती बियांकडे वळते आणि गांजाची प्रत खालावते. म्हणून नराची फुले उमलण्यापूर्वीच ती झाडे ओळखून उपटावी लागतात. नौगाव परिसरात या कामासाठी ‘पोद्दार’ नावाचा जाणकार नेमला जाई. मराठी वाचकास परिचित असलेल्या ‘पोतदार’ या शब्दाचेच हे रूप होय. नाण्याची पारख करणारा तो पोतदार, तसा झाडाची पारख करणारा हा पोद्दार. कोवळ्या झाडाच्या पेरांवरून नर-मादी ओळखण्याचे त्याचे कसब लिखित ग्रंथातून आलेले नव्हते.

१९७० च्या दशकात अमेरिकेत बिनबियांच्या गांजाचा गवगवा झाला. त्यास ‘सिन्सेमिया’ असे स्पॅनिश नाव मिळाले आणि हौशी उत्पादकांच्या पुस्तकांत ते नवे तंत्र म्हणून मांडले गेले. नौगावच्या शेतांत तेच तंत्र किमान आठ दशके आधी सरकारी कागदपत्रांत नोंदले गेले होते.

बंद खोलीची निर्मिती

१९३७ च्या ‘मारिवाना टॅक्स अ‍ॅक्ट’ने अमेरिकेत या वनस्पतीवर प्रत्यक्षात बंदीच आली. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय अमली पदार्थ करारानुसार सदस्य राष्ट्रांनी तिचा अवैद्यकीय वापर पंचवीस वर्षांत संपवावयाचा होता. तरीही अमेरिकेतील मागणी वाढतच गेली आणि ती प्रामुख्याने मेक्सिकोतून भागविली जाई. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथील पिकांवर पॅराक्वाट या तणनाशकाची फवारणी सुरू झाली. विषारी मालाच्या भीतीने अनेकांनी स्वतःपुरती लागवड आरंभिली. कॅलिफोर्नियात १९८३ पासून हेलिकॉप्टरद्वारे शेतांचा शोध घेण्याची मोहीम सुरू झाली, तेव्हा उघड्यावरील झाडे घरांत आली. बंदीचा प्रत्येक नवा टप्पा झाडाला अधिक आत ढकलत गेला.

खोलीत आलेल्या झाडाची निवड खोलीच्या मापाने होऊ लागली. रात्र लांबली की ही वनस्पती फुलोऱ्यावर येते. ज्युलियन टूर्न्वा या फ्रेंच संशोधकाने १९१२ च्या सुमारास दिवसमानाच्या या परिणामाचा अभ्यास भांगेवर व हॉपवर केला होता. दक्षिण भारत व थायलंडकडील वाण उंच वाढतात आणि त्यांचा फुलोरा पूर्ण होण्यास दीर्घ काळ लागतो. अफगाणिस्तानातील झाडे मात्र ठेंगणी, दाट व लवकर तयार होणारी असतात. छताखाली, विजेच्या दिव्यांच्या उजेडात अफगाण रक्ताचे झाड सोयीचे ठरले. ‘स्कंक नंबर वन’ या प्रसिद्ध वाणात अफगाण, मेक्सिकन व कोलंबियन बीजांचा संकर आहे. ‘हेझ’ या वाणाच्या वंशावळीत तर दक्षिण भारतीय बीजही सांगितले जाते.

१९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात डेव्हिड वॉटसन हे अशी बीजे घेऊन नेदरलँड्सला गेले. नेव्हिल शूनमेकर्स या ऑस्ट्रेलियन गृहस्थांनी तेथे बियांचा व्यापार सुरू केला आणि टपालाद्वारे ही बीजे अमेरिकेतील घराघरांत पोहोचली. १९८९ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकन यंत्रणेने बियाविक्रेते आणि बागकाम-साहित्याच्या दुकानांवर व्यापक छापे घातले. छंद थांबला नाही. तो अधिक गुप्त झाला, इतकेच.

लाभ आणि हानी

या छंदाने वनस्पतीविषयीच्या ज्ञानात भर घातली, हे मान्य करावे लागते. वॉटसन यांच्याशी संबंधित डच संस्थेचे वाण पुढे १९९८ मध्ये एका ब्रिटिश औषध कंपनीच्या संशोधनाचा पाया बनले. दुसरीकडे, तीव्रता हाच निवडीचा प्रमुख निकष ठरला. अमेरिकेत जप्त केलेल्या नमुन्यांतील टीएचसी या मादक घटकाचे सरासरी प्रमाण १९९५ मध्ये सुमारे ४ टक्के होते. २०१४ मध्ये ते सुमारे १२ टक्क्यांवर गेले. तरुण वयातील सेवनाच्या दृष्टीने ही वाढ चिंताजनक आहे. आयोगाने १८९४ मध्ये काढलेला निष्कर्ष आजच्या झाडास जसाच्या तसा लावता येणार नाही, हेही त्यातून स्पष्ट होते.

तिसरी हानी कमी दिसणारी आहे. संकरित वाणांच्या वंशावळीत पाश्चात्त्य संकरकारांची नावे वा टोपणनावे आढळतात. परंतु मूळ बीजासमोर केवळ ‘अफगाण’, ‘थाई’, ‘दक्षिण भारतीय’ असा प्रदेशाचा उल्लेख असतो. ज्या शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या ते बीज निवडून राखले, त्याचे नाव कोठेच नाही. शिवाय परागकण वाऱ्याने दूरवर जात असल्यामुळे संकरित वाण स्थानिक वाणांच्या शेजारी येताच मूळ बीजाची शुद्धता धोक्यात येते.

दोन कायद्यांमधील अंतर

गेल्या काही वर्षांत परसातील झाड अनेक देशांत पुन्हा वैध ठरले. कॅनडाने २०१८ मध्ये प्रत्येक घरास चार झाडांची मुभा दिली, तर जर्मनीने १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ व्यक्तीस तीन झाडांची. दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने २०१८ मध्ये स्वतःच्या वापरासाठी खासगी जागेतील लागवड हा खासगीपणाच्या अधिकाराचा भाग मानला. भारतात मात्र १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने तुऱ्यांविना असलेली पाने गांजाच्या व्याख्येतून वगळली, तरी शासनाच्या अनुमतीवाचून झाड लावणे हा गुन्हाच ठेवला. त्यासाठी दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरीची तरतूद आहे. आज बांगलादेशात असलेल्या नौगावची लागवडही १९८७ मध्ये थांबली. शेत गेले, तसा पोद्दाराचा व्यवसायही संपला.

निष्कर्ष

येथे घरगुती लागवडीचे समर्थन वा निषेध करण्याचा हेतू नाही. परंतु उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, १८९४ मध्ये महसुलासाठी परसातून काढू पाहिलेले झाड विसाव्या शतकात बंदीमुळे खोलीत गेले आणि एकविसाव्या शतकात तेच काही देशांत नागरिकाचा अधिकार बनले. या प्रवासात खोलीतील संकरकारास नाव, बाजारपेठ आणि अखेरीस कायद्याचे संरक्षण लाभले. बीज राखणाऱ्या शेतकऱ्याच्या वाट्यास विस्मृती आणि गुन्हेगाराचा शिक्का आला. कृषी-इतिहासाच्या अभ्यासकाने प्रथम हे असंतुलन नोंदविले पाहिजे. आयोगाचे खंड आणि जिल्ह्यांची महसुली दप्तरे या दृष्टीने पुन्हा वाचली गेल्यास खांडवा व अहमदनगरच्या शेतांतील अनामिक जाणकारांपर्यंत पोहोचण्याची वाट कदाचित सापडू शकेल.