२,१४,७४,८३,६४७ : मूळ संख्या आणि संगणकाच्या घड्याळाची मर्यादा

२,१४,७४,८३,६४७ ही दहा अंकी संख्या गणितात मूळ संख्या म्हणून, तर संगणकशास्त्रात एक मर्यादा म्हणून ओळखली जाते. १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय प्रमाणवेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी अनेक जुन्या संगणक प्रणालींमधील घड्याळ याच संख्येवर पोहोचणार आहे.

२ च्या ३१ व्या घातातून १ वजा केल्यास ही संख्या मिळते. अशा स्वरूपाच्या मूळ संख्यांना सतराव्या शतकातील फ्रेंच अभ्यासक मारँ मर्सेन यांच्या नावावरून ‘मर्सेन मूळ संख्या’ म्हणतात. ३, ७, ३१, १२७ या क्रमात ती आठवी आहे.

ती मूळ असल्याचे लेओनार्ड ऑयलर यांनी १७७२ मध्ये सिद्ध केले. त्यासाठी सामान्यतः तिच्या वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे सुमारे ४६,३४० पर्यंतच्या, साडेचार हजारांहून अधिक मूळ संख्यांनी भागून पाहावे लागले असते. मात्र, या संख्येला मूळ विभाजक असलाच, तर त्याला २४८ ने भागल्यावर १ किंवा ६३ हीच बाकी उरेल, असे ऑयलर यांनी दाखवले. त्यामुळे तपासायच्या मूळ संख्या शंभराहून कमी उरल्या.

या संख्येला २ च्या ३० व्या घाताने गुणले असता २३०५८४३००८१३९९५२१२८ ही १९ अंकी परिपूर्ण संख्या मिळते. स्वतःखेरीज तिच्या सर्व विभाजकांची बेरीज तिच्याइतकीच भरते. याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी शोधली जाणार नाही, कारण अशा संख्या केवळ कुतूहलाच्या असून त्यांचा उपयोग नाही, असे मत ब्रिटिश गणितज्ञ पीटर बार्लो यांनी १८११ मध्ये मांडले होते. १८७६ मध्ये एदुआर ल्युका यांनी २ च्या १२७ व्या घाताहून १ ने लहान असलेली संख्या मूळ असल्याचे सिद्ध केले आणि ते भाकीत खोटे ठरले.

उपयोगही पुढे सापडला. संगणकावर यादृच्छिक भासणाऱ्या संख्या निर्माण करण्याच्या एका प्रचलित पद्धतीत हीच संख्या भाजक असते. ती मूळ असल्यामुळेच योग्य गुणक निवडल्यास २,१४,७४,८३,६४६ पायऱ्यांपर्यंत एकही संख्या पुन्हा येत नाही.

संगणकातील मर्यादेचा मात्र तिच्या मूळ असण्याशी संबंध नाही. ३२ बिटांपैकी एक बिट धन-ऋण चिन्हासाठी वापरला, की उरलेल्या ३१ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या हीच असते. युनिक्स पद्धतीच्या प्रणाली १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात. ही मोजणी ३२ बिटांत साठवली असेल, तर मर्यादेनंतरच्या सेकंदाला ती ऋण होऊन डिसेंबर १९०१ मधील तारीख दाखवू शकते.

६४ बिटांची मोजणी हा यावरील उपाय असून, ती सुमारे २९,२०० कोटी वर्षे पुरेल. बहुतेक आधुनिक संगणकांत हा बदल झाला आहे. जुनी यंत्रे, त्यांतील नियंत्रक आणि ३२ बिटांत तारखा साठवणाऱ्या माहितीसाठ्यांची दुरुस्ती मात्र २०३८ पूर्वी करावी लागेल.