वायफळ बोलण्याची मराठी नावे

निरर्थक, असंबद्ध किंवा उगाच लांबलेल्या बोलण्यासाठी मराठीत शब्दांची रेलचेल आहे. त्यांतले बरेच शेतातून आणि स्वयंपाकघरातून आले. बोलण्यात अर्थ नाही यापेक्षा ते संपत नाही, हीच तक्रार त्यांत जास्त ऐकू येते.

‘गुऱ्हाळ’ हा त्यांतला सर्वांत रसाळ शब्द. कोल्हापूरकडे उसाचा रस चुलवाणावरच्या काहिलीत तासन्‌तास आटवतात, वर येणारी मळी काढत राहतात आणि पाक उतरला की वाफ्यात ओततात. ‘चर्चेचे गुऱ्हाळ’ म्हणताना हे रटरटणेच डोळ्यांपुढे असते. गुळव्यावर यात थोडा अन्याय होतो. 100 किलो उसातून त्याच्या हाती साधारण 10 किलो गूळ तरी पडतो. ‘चऱ्हाट’ म्हणजे लांबलचक दोर. कंटाळवाणे पुराण लावले की ‘चऱ्हाट वळले’ म्हणतात. सूत कातायची ‘टकळी’ अखंड बोलणाऱ्या जिभेला चिकटली. ‘लोणकढी’ हे मुळात लोणी कढवून केलेल्या ताज्या तुपाचे विशेषण; थापही तशीच ताजी, खमंग असेल तर ती लोणकढी थाप. ‘वटवट’, ‘बडबड’ हे नुसते ध्वनी.

दुसरा गट संस्कृत वादशास्त्रातला. न्यायसूत्रांत चर्चेचे वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य ठरवण्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प; स्वतःचा पक्ष न मांडता समोरच्याचे खोडत राहणे ही वितंडा. मराठीने ही काटेकोर व्याख्या बाजूला सारून कुठल्याही निष्फळ हुज्जतीला ‘वितंडवाद’ करून टाकले. इंग्रजीतल्या ‘बंकम’चा जन्मही सभेतलाच. 1820 साली अमेरिकी प्रतिनिधिगृहात फेलिक्स वॉकर यांनी नॉर्थ कॅरोलिनातल्या आपल्या बंकम परगण्याच्या मतदारांसाठी म्हणून रटाळ भाषण लांबवले आणि परगण्याचे नाव पोकळ वक्तृत्वाला कायमचे चिकटले.

मुंबई आणि तिच्या उपनगरांत, भाईंदर पूर्वेच्या इंद्रलोकसारख्या बहुभाषी वस्त्यांत, ‘बकवास’, ‘भंकस’, ‘फेकणे’ यांची चलती आहे. पैकी ‘भंकस’ दुधारी: मित्रांत ‘भंकस करतोय’ म्हणजे निव्वळ थट्टामस्करी, पण अनोळखी माणसाला ‘भंकस बंद कर’ म्हटले की भांडणाला निमित्त होते.