अनुदान आणि गांव : वऱ्हाडच्या खारपाणपट्ट्याचा धडा

सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशीं व पूर्णा नदीच्या उत्तरेस बुलढाणा जिल्ह्याचा संग्रामपूर तालुका पसरलेला आहे. वरच्या अंगास सोनाळा-टुनकीच्या मागें अंबाबारव्याचें अरण्य. खालच्या अंगास पातुर्ड्याकडील सपाट, काळी व खोल जमीन. आणि डोंगरांतून उतरून पूर्णेस मिळणारी वाण नदी. एवढ्याशा मुलुखांत पाण्याच्या दोन जाती नांदतात. डोंगराच्या कुशींत ओढ्या-नद्यांनीं आणून टाकलेल्या गोट्यावाळूच्या थरांत पावसाचें पाणी झरझर मुरतें आणि विहिरीस गोडें पाणी लागतें. तेथून जसजसें दक्षिणेस पूर्णेकडे जावें, तसतशी विहीर खारट होत जाते. एकच सरकारी योजना एकाच तालुक्यांत एका टोंकास तारक व दुसऱ्या टोंकास निरुपयोगी ठरावी, अशीच ही भूमिरचना आहे. गांवांनीं आपल्या जमीनपाण्यासाठीं जें काम करावयाचें त्यास बाहेरून द्रव्यसाहाय्य कसें मिळत आलें, याचा इतिहास पाहण्यास म्हणूनच हा तालुका फार सोईचा आहे.

अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून पूर्णेच्या दोन्ही तीरांनीं जाणारा हा पट्टा खारपाणपट्टा या नांवानें सर्वांस परिचित आहे. त्याचें क्षेत्र सुमारें ४,७०० चौरस किलोमीटर भरतें. नदीच्या गाळाचे थर येथें अतिशय जाड असून वरची चिकण काळी माती पाण्याचा निचरा होऊं देत नाहीं. त्यामुळें क्षार वाहून न जातां सांचत राहतात. पूर्वीं या भागांत खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढीत असत, एवढें सांगितलें म्हणजे पाण्याची चव वर्णन करावयास नको. असें पाणी पिकास दिलें तर जमीन चोपण होऊन दगडासारखी घट्ट बनते. आणि तेंच पाणी माणसांनीं पिढ्यान् पिढ्या प्याल्यानें काय होतें, हा प्रश्न जळगांव जामोद व संग्रामपूर या तालुक्यांतील मूत्रपिंडाच्या विकारांनीं सर्वांसमोर आणला आहे. त्याची कारणमीमांसा वैद्यकशास्त्राकडे सोपवून आपण पैशाच्या प्रवासाकडे वळूं.

जमीन सुधारण्यासाठीं रयतेस सरकारानें पैसा द्यावा, ही कल्पना आपल्याकडे तगाईच्या रूपानें फार जुनी आहे. इंग्रजी अमदानींत तिला १८८३ च्या जमीनसुधारणा कर्जाच्या व १८८४ च्या शेतकऱ्यांच्या कर्जाच्या कायद्यांनीं पक्कें रूप दिलें. वऱ्हाड त्या वेळीं नांवानें निजामाचें असलें तरी १८५३ च्या तहापासून कारभार इंग्रजांचा होता. आजचा संग्रामपूर तालुका बहुतांशीं ज्या जुन्या जळगांव तालुक्यांतून निघाला, तो तालुका १९०५ पर्यंत अकोला जिल्ह्यांत होता. तगाईचें वैशिष्ट्य असें कीं ती एकेकट्या खातेदारास मिळे, जमिनीच्या तारणावर मिळे, आणि तिचा सर्वांत मान्य असा उपयोग म्हणजे विहीर खोदणें हा होता. आतां ज्या मुलुखांत विहिरीचें पाणी पिकासही चालत नाहीं, तेथें विहिरीसाठीं कर्ज काढणें म्हणजे खारें पाणी व्याजानें विकत घेणें होय. पुढील शंभर वर्षांच्या अनेक योजनांचा दोष या एका उदाहरणांत बीजरूपानें दिसतो. पैसा देणाऱ्याची नियत वाईट नव्हती. परंतु काय करावयाचें तें गांवाची माती पाहण्यापूर्वींच ठरून गेलेलें होतें.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनीं दुसरी पद्धत आणली. सरकारी कामें निघालीं, खडी फुटली, सडका झाल्या, आणि कामावर आलेल्यांस जगण्यापुरतें वेतन मिळालें. जीव वांचविणें हें त्या वेळचें पहिलें कर्तव्य होतें, आणि त्याबद्दल कुरकुर करणें अन्यायाचें होईल. परंतु अशा कामांत गांव केवळ मजूर म्हणून येई. धनी म्हणून त्यास कोणी विचारीत नसे. स्वातंत्र्यानंतर १९७२ च्या दुष्काळांतून महाराष्ट्रांत जी रोजगार हमी योजना वाढली, तिनें या पद्धतींत फार मोठा नैतिक बदल केला. वि. स. पागे यांच्या विचारांतून निघालेल्या या योजनेस १९७७ च्या कायद्याचें बळ मिळालें व २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलांत आला. काम ही कृपा न राहतां हक्क झाला, आणि त्या हक्काचा खर्च भागविण्यासाठीं शहरांतील नोकरदार व व्यावसायिक यांच्यावर व्यवसायकर बसला. नगरानें गांवासाठीं कर द्यावा, ही गोष्ट लहान नव्हे. तथापि काम कोणतें व कोठें, हें ठरविणारा हात बहुधा कचेरींतलाच राहिला. बांध सरकारचा, पाझर तलाव सरकारचा. मग तो फुटला तर दुरुस्तीही सरकारनेंच करावी, असें गांवानें म्हटलें तर त्यांत नवल काय?

या कोंडींतून वाट काढण्याचे प्रयत्न वऱ्हाडाबाहेर, अहमदनगरच्या रुक्ष मुलुखांत प्रथम ठळकपणें दिसले. १९७५ मध्यें राळेगणसिद्धीस परतलेल्या अण्णा हजारे यांनीं चराईबंदी, कुऱ्हाडबंदी व श्रमदान यांस गांवाच्या शिस्तीचें रूप दिलें, आणि सरकारी पैसा त्या शिस्तीच्या मागून येऊं लागला. १९८९ पासून आकार घेऊं लागलेल्या इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमांत हर्मन बाखर या स्विस जेझुइट धर्मगुरूनें हेंच तत्त्व देणगीच्या अटींत उतरविलें. जर्मनीचा पैसा नाबार्डच्या मार्फत येई. परंतु गांवानें प्रथम श्रमदान करून आपली तयारी दाखवावी, मोकाट चराई बंद करावी, मजुरीचा एक हिस्सा स्वतः सोसावा, आणि मगच मुख्य रक्कम मिळावी, असा क्रम होता. १९९२ मध्यें राज्य सरकारनें आदर्श गांव योजना काढली. तिच्यांत १९९४ मध्यें आलेल्या हिवरे बाजारनें, सरपंच पोपटराव पवार यांच्या पुढाकारानें, शेतीसाठीं कूपनलिका न खोदण्याचा व पाण्याचा वार्षिक ताळेबंद मांडण्याचा नियम पाळून दाखविला. त्याच १९९२ सालीं जागतिक पर्यावरण सुविधेचा लघु अनुदान कार्यक्रम सुरू झाला. त्यानेंही अनेक देशांत लहान रकमा थेट स्थानिक संस्थांच्या हातीं देण्याचा प्रघात पाडला. पैसा व गांव यांच्या संबंधाचा हा विचार केवळ आपल्याच प्रांतापुरता नव्हता, हें यावरून ध्यानांत येईल.

विदर्भांत या विचाराच्या दोन निराळ्या शाखा दिसतात. पहिली स्पर्धेची. पानी फाउंडेशननें २०१६ मध्यें वरूड, अंबाजोगाई व कोरेगांव या तीन तालुक्यांत पाणलोटकामाची स्पर्धा घेतली व २०१९ पर्यंत ती अनेक तालुक्यांत वाढविली. येथें द्रव्य कामाच्या आधीं येत नसे. तें बक्षीस म्हणून मागून येई, आणि तेंही थोड्याच गांवांस. २०१८ मध्यें दुसऱ्या क्रमांकाचें बक्षीस ज्या दोन गांवांत वांटलें गेलें, त्यांपैकीं एक बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यांतील सिंदखेड हें होतें. दुसरी शाखा हक्काची. संग्रामपूरच्या पूर्वेस याच सातपुड्याच्या पायथ्याशीं, परतवाड्याजवळ, पायविहीर नांवाचें लहान गांव आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखालीं त्यास २०१२ मध्यें सुमारें १९२ हेक्टर उजाड वनजमिनीवर सामूहिक हक्क मिळाला. 'खोज' या संस्थेच्या मदतीनें ग्रामसभेनें रोजगार हमीचा पैसा त्या जमिनीकडे वळविला, झाडें लाविलीं, राखलीं, आणि सीताफळें मुंबईच्या बाजारांत पाठविलीं. २०१४ मध्यें या गांवास जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. रोजगार हमीचा पैसा इतर गांवांसही मिळत होताच. येथें त्याची करामत वेगळी झाली, कारण जमिनीवर गांवाचा हक्क आधीं सिद्ध झाला होता.

आतां पुन्हां खारपाणपट्ट्याकडे येऊं. जागतिक बँकेनें २०१८ मध्यें ४२ कोटी डॉलरांचें कर्ज मंजूर केलेला नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प बुलढाण्यासह प्रथम १५ जिल्ह्यांत आला. त्याच्या योजनेंत ४,२१० दुष्काळप्रवण गांवांबरोबर पूर्णाखोऱ्यांतील खारपाणपट्ट्याचीं ९३२ गांवें निराळीं मोजलीं गेलीं. सरकारी कागदांत खाऱ्या पाण्याच्या गांवांस स्वतंत्र रकाना मिळावा, हीच तगाईच्या काळाशीं तुलना करतां मोठी सुधारणा म्हणावी लागेल. कारण दख्खनच्या पठारावर जें काम पुण्यकारक, तें येथें वायां जातें. पाझर तलावांतून मुरलेलें गोडें पाणी खालच्या खाऱ्या पाण्यांत मिसळून हातचें जातें. येथें पाणी जमिनीवरच धरून ठेवावें लागतें. आणि निचऱ्याच्या आड येणारी तीच चिकण माती शेततळ्याच्या तळाशीं मात्र उपकारक ठरते. सांठविलेलें पावसाचें पाणी तुषार सिंचनानें एकदोन वेळां कपाशीला किंवा हरभऱ्याला मिळालें तर हंगाम वांचतो. याउलट तालुक्याच्या उत्तर भागांत, गोट्यावाळूच्या थरांत, पाणी मुरविणें हेंच शहाणपण होय. हा भेद शेतकऱ्यास ठाऊक असतो; तो अंदाजपत्रकांत उतरावा यासाठीं या प्रकल्पांत सरपंचाच्या अध्यक्षतेखालीं ग्राम कृषी संजीवनी समिती व गांवाचा सूक्ष्म आराखडा यांची योजना होती.

परंतु येथेंही एक गांठ सुटली नाहीं. व्यक्तिगत लाभाच्या कामांत शेतकऱ्यानें आधीं स्वतः खर्च करावयाचा व काम पुरें झाल्यावर अनुदान त्याच्या बँकेच्या खात्यांत जमा व्हावयाचें. मधल्या दलालास यानें आळा बसतो, हें खरें. परंतु ज्याच्यापाशीं आधीं खर्च करावयास पैसा नाहीं, त्याच्या दारापर्यंत ही गंगा पोंचत नाहीं. तगाईस तारण लागे, अनुदानास भांडवल लागतें. दोहोंच्याही उंबरठ्यावर अडणारा मनुष्य एकच आहे. शिवाय आराखडा सामुदायिक आणि लाभ मात्र एकेकट्याचा, अशी रचना झाली कीं गांवाची सभा अर्जदारांची रांग बनण्यास वेळ लागत नाहीं.

कोणी म्हणेल, गांवाच्या पुरुषार्थाची एवढी थोरवी गाणें म्हणजे सरकारास त्याच्या कर्तव्यांतून मोकळें करणें नव्हे काय? शंका रास्त आहे, आणि तिचें उत्तरही याच तालुक्यांत आहे. वाण धरणाचें गोडें पाणी जळगांव जामोद व संग्रामपूर तालुक्यांतील १४० गांवांना नळानें पोंचविण्याची योजना कोणत्याही ग्रामसभेच्या श्रमदानानें झाली नसती. धरण, नळमार्ग, शुद्धीकरण हीं राज्याचींच कामें; पिण्याचें पाणी ही बक्षिसाची किंवा स्पर्धेची वस्तु नव्हे. गांवाचा अधिकार सुरू होतो तो शिवारांत: कोणत्या ओढ्यावर पाणी अडवावें, कोणत्या शेतांत सांठवावें, कोणतें कुरण किती दिवस बंद ठेवावें आणि कोणतें पीक पाण्यास परवडतें, या प्रश्नांत.

या सव्वाशेहून अधिक वर्षांचा हिशेब मांडतां असें दिसतें कीं रकमेच्या मोठेपणानें कामाचें आयुष्य ठरलेलें नाहीं. तें दोन गोष्टींनीं ठरलें: आराखड्याची पहिली ओळ कोणीं लिहिली, आणि शेवटचा हप्ता आल्यानंतर राखण कोणीं केली. देणारे बहुधा मधल्या भागाचा, म्हणजे खर्चाचा, हिशेब मागतात. पावत्या, छायाचित्रें व मोजमापें यांची त्यांस मोठी काळजी असते. ती असावी. परंतु काम पुरें झाल्यावर पांच वर्षांनीं शेततळ्याचा गाळ कोण काढतो, हें विचारण्यास बहुधा कोणी परत येत नाहीं. यापुढें या मुलुखांत ज्या योजना येतील त्यांनीं सूक्ष्म आराखड्याबरोबर गांवाच्या हातीं एक लहानसा देखभाल निधि ठेवावा, आणि भूमिहीन व अल्पभूधारक यांस आधीं खर्च करण्याची अट लावूं नये. या दोन गोष्टी झाल्या तर तगाईपासून चालत आलेला जुना दोष पुष्कळ अंशीं दूर होईल. पातुर्ड्याचें पाणी खारें व सोनाळ्याचें गोडें, हें तेथील लहान मुलासही ठाऊक आहे. अनुदान लिहिणाऱ्याच्या लेखणीस तें ठाऊक व्हावें, एवढीच या इतिहासाची मागणी आहे.