जामखेडचा आरोग्यप्रयोग : नेतृत्वाचा प्रश्न

स्वातंत्र्योत्तर ग्रामीण आरोग्यव्यवस्थेचा इतिहास बहुधा शासकीय योजनांच्या अनुक्रमाने सांगितला जातो. भोर समितीच्या 1946 च्या अहवालाने प्राथमिक आरोग्यकेंद्रांची कल्पना मांडली; 1952 पासून समाजविकास योजनेबरोबर ती केंद्रे उभी राहू लागली. गावोगावी आरोग्यसमित्या असाव्यात, अशीही त्या अहवालात सूचना होती. परंतु व्यवहारात भर राहिला तो इमारत व वैद्यकीय अधिकारी यांवरच. या उपेक्षित सूचनेतील तत्त्व निराळ्या वाटेने कसे प्रत्ययास आले, हे जामखेडच्या उदाहरणावरून पाहता येते.

तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील या अवर्षणग्रस्त तालुक्यात डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने 1970 मध्ये कार्यास आरंभ केला. त्यांची प्रारंभीची योजना रूढ धर्तीचीच होती : प्रशिक्षित परिचारिका खेड्यांत ठेवावयाच्या. ती फलद्रूप झाली नाही. परिचारिकेस परक्या गावी एकटीने राहणे दुष्कर होते आणि गावकऱ्यांनाही तिच्याविषयी आपलेपणा वाटत नव्हता. तेव्हा गावानेच आपल्यांतील एक स्त्री निवडावी व तिला शिकवून तयार करावे, असा मार्ग स्वीकारण्यात आला. या स्त्रियांपैकी पुष्कळ जणी निरक्षर, तर कित्येक दलित समाजातील होत्या. जामखेडला नियमित येऊन त्या शिकत आणि बाळंतपण, अतिसार, बालसंगोपन यांविषयीचे ज्ञान घरोघर पोहोचवीत. शेतकरी मंडळे व महिला मंडळे त्यांच्या पाठीशी उभी राहिली. 1972 च्या दुष्काळाने अन्न व पाणी हेच आरोग्याचे प्रथम प्रश्न असल्याचे सर्वांस पटवून दिले.

प्रकल्पाच्या नोंदींनुसार 1971 मध्ये दर हजारी 176 असलेले बालमृत्यूंचे प्रमाण सुमारे दोन दशकांत विशीच्या आसपास आले. या घटीचे श्रेय एकाच कारणास देणे युक्त नव्हे. त्यात पाणी, पोषण व शासकीय लसीकरण यांचाही वाटा मानावयास हवा.

आरोळे दांपत्यास 1979 मध्ये मॅगसेसे पुरस्कार लाभला, तो यथार्थच होता. तथापि या इतिहासातील निर्णायक क्षण कोणता, असे विचारल्यास आपली योजना फसल्याचे त्यांनी मान्य करून निवडीचा अधिकार गावाकडे सोपविला, त्या क्षणाकडेच बोट दाखवावे लागते. नेतृत्वाचा इतिहास लिहिताना आपण संस्थापकांची नावे नोंदवितो. निवडल्या गेलेल्या स्त्रियांची नोंद मात्र बहुधा संख्येतच उरते. ही उणीव भरून काढणे हे संशोधकाचे कर्तव्य होय.