लॉक असूनही घोळ: केव्हीएममधली एक रेस कंडिशन

एकाच मशीनवर अनेक व्हर्च्युअल मशीन (थोडक्यात व्हीएम) चालवायचं काम लिनक्स कर्नलमधला केव्हीएम हा भाग करतो. तो २००७ पासून, म्हणजे लिनक्स २.६.२० पासून कर्नलमध्ये आहे. मुख्य वापर सर्व्हरवर, पण अँड्रॉइड १३ नंतर पिक्सेल ७ सारख्या फोनमध्येही पीकेव्हीएम या नावाने तो आलाय.

दोन थ्रेड एकाच गोष्टीला एकाच वेळी हात घालतात आणि आधी कोण पोहोचलं यावर निकाल ठरतो, ती रेस कंडिशन. नेहमीचा उपाय म्हणजे लॉक. हे स्क्रीन लॉक नव्हे. बाथरूमची आतली कडी समजा. एक बाहेर येईपर्यंत दुसरा थांबतो.

पण कडी लावूनही घोळ होतो. २०१९ मध्ये गुगल प्रोजेक्ट झीरोच्या यान हॉर्न यांनी दाखवलेला बग, सीव्हीई-२०१९-६९७४, बघा.

एखादी व्हीएम किती ठिकाणी वापरात आहे याची कर्नल मोजणी ठेवतो. मोजणी शून्य झाली की व्हीएमची मेमरी मोकळी. होस्टवरच्या प्रोग्रॅमने व्हीएमला नवीन डिव्हाइस मागितलं, की केव्हीएम आधी त्या डिव्हाइसचा फाइल डिस्क्रिप्टर, म्हणजे एक नंबर, प्रोग्रॅमच्या यादीत टाकायचा आणि मग मोजणी एकने वाढवायचा.

या दोन पायऱ्यांमधली फट अगदी छोटी. पण पुढचा नंबर कोणता मिळणार याचा अंदाज सहज येतो. त्यामुळे त्याच प्रोग्रॅमचा दुसरा थ्रेड फटीत घुसून ती फाइल बंद करू शकत होता. बंद केली की मोजणी एकने कमी, आणि वाढ तर अजून झालेलीच नाही! मोजणी शून्यावर जाते, मेमरी मोकळी होते, पण पहिला थ्रेड तीच मेमरी वापरत राहतो. याला यूज-आफ्टर-फ्री म्हणतात. इथून कर्नल क्रॅश होऊ शकतो, किंवा त्याचा ताबाही जाऊ शकतो. साध्या टेस्टिंगमध्ये असं सापडणं कठीण. हल्लेखोर मात्र जमेपर्यंत हजारदा प्रयत्न करू शकतो.

गंमत म्हणजे त्या कोडमध्ये लॉक होतं. फाइल बंद करणारा थ्रेड मात्र ते घेतच नव्हता. म्हणून दुरुस्तीत नवीन लॉक आलंच नाही, फक्त क्रम बदलला: आधी मोजणी वाढवायची, मग नंबर द्यायचा. नंबर देणं फसलं तर वाढवलेली मोजणी परत कमी करायची. लिनक्स ४.२०.८ मध्ये हा बदल आला.