चिलीम, बंदूक आणि तीरकामठा

९ ऑगस्टला धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याच्या मिरवणुकीत पोरं खांद्यावर तीरकामठा घेऊन नाचतात. आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही. पण इंग्रजांच्या १८७८ च्या शस्त्र कायद्यातली ‘शस्त्र’ या शब्दाची व्याख्या वाचा. बंदूक, तलवार, भाला यांच्याच रांगेत धनुष्यबाण आहे! भिलाच्या घरातली रोजची वस्तू कागदावर हत्यार झाली.

हे आज का आठवलं? अमेरिकेतल्या एका वादामुळे. तिथे १९६८ पासून कायदा आहे, बेकायदा अमली पदार्थ वापरणाऱ्याने बंदूक बाळगायची नाही. राज्याने गांजाला सूट दिली तरी केंद्राचा हा कायदा लागूच. २०२२ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने एका निकालात सांगितलं की बंदुकीवर निर्बंध टिकवायचा असेल तर देशाच्या इतिहासात तशी परंपरा होती हे सरकारने दाखवावं. झालं, आव्हानं सुरू झाली. मिसिसिपीत एकाच्या गाडीत गांजाच्या विड्यांची थोटकं, एक पिस्तूल आणि एक रायफल सापडली. पकडला तेव्हा तो नशेत होता का, हे कुणी तपासलंच नाही. २०२३ मध्ये अपील कोर्टाने त्याची शिक्षा रद्द केली. म्हणणं असं की, जुने कायदे नशेत बंदूक चालवणाऱ्याला अडवायचे, शुद्धीत असलेल्याला त्याने पूर्वी कधी ओढली म्हणून नाही. टेक्सासमधला असाच खटला तिथल्या सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सुनावणीला घेतला.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याला काय त्याचं? मित्रांनो, प्रश्न आपलाच आहे. हत्यार कोणाच्या हातात शोभतं, हे ठरवायचं कशावरून? माणसाच्या वागण्यावरून, की त्याच्यावर मारलेल्या शिक्क्यावरून?

आपल्याकडे शिक्काच चालला. १८२५ मध्ये खानदेशात इंग्रजांनी भिल्ल पलटण उभी केली, तेव्हा भिलाच्या हाती सरकारी बंदूक चालली. खाज्या नाईक तर सेंधवा घाटाचा पहारा सांभाळायचे. तेच उठावात उतरले, १८५८ च्या एप्रिलमध्ये आंबापाणीची लढाई झाली. पुढे वीस वर्षांनी शस्त्र कायदा आला. भारतीयांना परवाना, गोऱ्यांना सूट. कोण कसा वागतो, हे विचारायची गरजच नाही!

गांजाचंही तसंच. १८९३ मध्ये इंग्रज सरकारने गांजा-भांगेवर आयोग नेमला. सात सदस्य, त्यात तीन भारतीय. हजाराहून जास्त साक्षी झाल्या. गांजाने माणसं वेडी होतात, असं वेड्यांच्या इस्पितळांचे आकडे सांगत होते. आयोगाने नोंदी तपासल्या, तर बऱ्याच ठिकाणी चौकशी न करताच ‘कारण : गांजा’ असं लिहून टाकलेलं. शेवटी आयोगाने सांगितलं, माफक वापराने विशेष अपाय दिसत नाही, अतिरेक वाईट, सरसकट बंदी नको. म्हणजे वापर वेगळा आणि व्यसन वेगळं, हे आपल्याकडे १८९४ लाच लिहून झालंय.

आजचा आपला कायदा काय म्हणतो? बंदूक बाळगणं हा आपल्याकडे मूलभूत हक्क नाही, तो परवाना आहे. २०१६ च्या नियमांप्रमाणे अर्जासोबत डॉक्टरचा दाखला लागतो, की अर्जदार नशेच्या पदार्थांवर अवलंबून नाही. ‘अवलंबून’ हा शब्द महत्त्वाचा. अमेरिकेचा कायदा वापरणाऱ्यालाही धरतो, आपला दाखला व्यसनाचं विचारतो. पण १९५९ च्या कायद्यात ‘अपात्र’ असाही एक मोघम शब्द आहे, आणि शिक्का तिथूनच आत शिरतो.

कुणी म्हणेल, नशेडीच्या हाती बंदूक देणार का? अजिबात नाही. १९७२ नंतर शहादा भागात श्रमिक संघटनेच्या बायांनी दारूची मडकी फोडली. पिऊन आलेला नवरा काय करतो, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांचा राग मारहाणीवर होता. पण त्याच तालुक्यात १९७१ साली पाटीलवाडीला आदिवासींवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यात एक जीव गेला. त्या बंदुका चिलीम ओढणाऱ्यांच्या नव्हत्या, जमीनदारांच्या होत्या. धोका नशेत असतो, तसा माजातही असतो. त्याचा दाखला कोणता डॉक्टर देणार?

म्हणून एक कामाची गोष्ट. पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागायची तरतूद कायद्यात आहे. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने अर्ज नाकारता येत नाही, हे कलम १४ मध्ये स्पष्ट लिहिलंय. नाकारला तर कारण लेखी नोंदवावं लागतं. मागितलं तर ते सांगावं लागतं, सार्वजनिक हिताचा अपवाद सोडून. वर अपीलही आहे.

‘तुमच्याकडचे लोक पिणारे’ हे कारण होऊ शकत नाही. तोंडी नकार ऐकून घरी येऊ नका. कारण लेखी मागा.